पाच व्होल्टवर लावलेला सप्लाय चोवीस व्होल्ट देतो तेव्हा

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पॉवर सप्लाय दुरुस्तीला आला. सोबत चिठ्ठी होती: ‘व्होल्टेज बरोबर दाखवतो, पण यावर लावलेले मायक्रोकंट्रोलर बोर्ड जळतात.’ दुरुस्तीच्या धंद्यात अशी तक्रार सगळ्यात त्रासदायक, कारण मीटर लावला की यंत्र निर्दोष दिसतं. इथेही तेच झालं. मल्टीमीटरवर ५.०२ व्होल्ट. १० ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लोड म्हणून लावला, तरी फरक नगण्य. नॉब फिरवला की आकडा सरळ वर-खाली जायचा.

मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. दोन आकड्यांच्या मधे काय झालं ते त्याला कळतच नाही. म्हणून लोड हलका केला, ४७० ओहम, आणि टर्मिनलवर स्कोप (व्होल्टेजचा वेळेनुसार आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावला. सिंगल शॉट, ट्रिगर ६ व्होल्टवर, म्हणजे व्होल्टेज ६ च्या वर गेला की एकच चित्र पकडायचं; वेळ दर घराला १० मिलिसेकंद. नॉब ५ व्होल्टच्या आसपास अगदी हळू हलवला आणि स्कोपने चित्र पकडलं: रेषा सरळ उभी २४ व्होल्टच्या वर, मग उतरत उतरत पन्नासेक मिलिसेकंदांनी परत ५ वर. पॅनेलवरचा डिस्प्ले तेवढ्या वेळात ढिम्म. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरच्या एटमेगा३२८ चिपची कमाल मर्यादा ६ व्होल्ट आहे. मुलं बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला थेट सप्लाय जोडत होती. तिथे बोर्डावरचा रेग्युलेटर वाटेत येतच नाही.

पेटी उघडल्यावर आत नेहमीचंच सर्किट निघालं. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर, एलएम३१७ ही व्होल्टेज राखणारी आयसी, २४० ओहमचा रेझिस्टर, ५ किलोओहमचा कार्बन पॉट (नॉबने फिरणारा बदलता रेझिस्टर) आणि आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ही आयसी आउट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमध्ये कायम १.२५ व्होल्ट राखते. त्यामुळे २४० ओहममधून सुमारे ५.२ मिलिअँपिअर वाहतो, तोच पॉटमधून जमिनीकडे (ग्राउंडकडे) जातो, आणि पॉटवर जेवढा व्होल्टेज पडतो तेवढा आउटपुट वर उचलला जातो. सूत्र सोपं: १.२५ × (१ + पॉट ÷ २४०). अ‍ॅडजस्ट पायातून येणारा ५० मायक्रोअँपिअर इथे सोडून दिला तरी चालतो.

आता पॉटचा मधला सरकता पाय क्षणभर पट्टीवरून उचलला गेला तर? अ‍ॅडजस्टला जमीनच उरत नाही, आणि आयसी इनपुटमध्ये असेल तेवढं सगळं बाहेर ढकलते. १०० मायक्रोफॅरड भरायला तिला जेमतेम मिलिसेकंदभर लागतो. उतरताना मात्र ती आउटपुटमधून करंट खेचून घेऊ शकत नाही, कपॅसिटर लोडमधूनच रिकामा व्हायला हवा. म्हणून चढ उभा आणि उतार लांब. संपर्क तुटला असेल एखादा मिलिसेकंद, बोर्डाने जादा व्होल्टेज सोसला कितीतरी जास्त वेळ.

पट्टी नेमकी तिथेच का झिजली, हे हिशोबात दिसतं. ५ व्होल्टसाठी पॉटचे ७२० ओहम लागतात, ३.३ साठी ३९४. पाच किलोच्या पॉटचा फिरण्याचा कोन २७० अंश धरला तर हे दोन्ही पहिल्या चाळीस अंशांत येतात, आणि त्यांच्यात अंतर जेमतेम अठरा अंशांचं. प्रत्येक बॅच याच तुकड्यावर नॉब मागेपुढे करत राहते. उरलेली पट्टी कोरी करकरीत होती.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की महिनाभर ठीक चालतं, पण ते उत्तर नव्हे. पॉटचा मोकळा पाय मधल्या पायाला जोडावा असं सांगतात. ते करावंच, पण इथे तेवढ्याने काही वाचलं नसतं. संपर्क तुटल्यावर पूर्ण ५ किलो लागू होतात आणि २७ व्होल्टचा हिशोब येतो. रेझिस्टर आणि पॉट यांचे ओहमच बदलायला हवेत. २४० च्या जागी १ टक्क्याचा १२० ओहम मेटल फिल्म आणि पॉट १ किलोचा, दहा फेऱ्यांचा वायरवाउंड. आता कमाल ११.७ व्होल्ट. १२० मुळे १०.४ मिलिअँपिअर कायम वाहतो, म्हणजे लोड काढल्यावर आउटपुट वर सरकण्याची तक्रारही मिटते. एलएम३१७ ला वाईटात वाईट १० मिलिअँपिअर किमान लोड लागतो, तो २४० ओहम पुरवत नाही. हा १२० ओहम थेट आयसीच्या आउट पायावर सोल्डर करायचा. टर्मिनलपर्यंत ओढला तर वायरीतला ड्रॉप ५ व्होल्टवर चौपट होऊन दिसतो.

खरा उपाय मात्र अ‍ॅडजस्ट ते जमीन लावलेला कपॅसिटर. डेटाशीटमध्ये १० मायक्रोफॅरड रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) कमी करण्यासाठी दिलेला असतो. मी ४७ घातला. संपर्क तुटला तरी अ‍ॅडजस्टचा व्होल्टेज आता हा कपॅसिटर भरेल त्याच वेगाने चढतो: ५ व्होल्टवरून निघताना मिलिसेकंदाला साधारण ०.१५ व्होल्ट. मिलिसेकंदभराची उडी बोर्डाला जाणवतही नाही. हा कपॅसिटर घातला की १एन४००२ डायोड आलेच. एक अ‍ॅडजस्टकडून आउटकडे, नाहीतर आउटपुट शॉर्ट झाल्यावर ४७ मायक्रोफॅरड आयसीतूनच रिकामा होतो. दुसरा आउटकडून इनकडे. कॅथोड (डायोडची पट्टा असलेली बाजू) अनुक्रमे आउट आणि इनच्या बाजूला. आउटपुटचा १०० काढून २२ मायक्रोफॅरड ठेवला.

काहीजण पॉट टाळून रोटरी स्विच आणि ठरावीक रेझिस्टर वापरतात. तो स्विच पुढचा संपर्क जोडून मगच मागचा सोडणारा हवा. साधा घेतला तर प्रत्येक खटक्याला हीच उडी.

ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा केला. पूर्वी ५ व्होल्ट, ०.६ अँपिअरला आयसीवर जवळपास १२ वॅट जात होते आणि ती तापून स्वतःच आउटपुट पाडत होती. आता सहा-साडेसहा वॅट. दर वॅटला ८ अंश किंवा त्याहून कमी तापणारा हीटसिंक पुरतो. एसीचा १ अँपिअर म्हणजे डीसीचा १ अँपिअर नव्हे. ब्रिज आणि कपॅसिटरनंतर सुमारे ०.६ धरायचा, आणि पॅनेलवर तसंच लिहिलं. फिल्टर ४७०० मायक्रोफॅरड. लाइट २०० व्होल्टपर्यंत उतरली तर पूर्ण लोडला साडेनऊ-दहा व्होल्टच्या पुढे रेग्युलेशन सुटतं, हेही सांगून टाकलं.

पॉटचा संपर्क कायमचा तुटला तर ११.७ व्होल्ट येणारच. ५ व्होल्टच्या बोर्डांना तेही खूप. म्हणून त्याच फिल्टरवरून ७८०५ हा ठरावीक ५ व्होल्टचा रेग्युलेटर घेऊन ५ व्होल्टचे टर्मिनल वेगळे काढले. त्याला नॉबच नाही. दोन्ही आउटपुट मिळूनही ०.६ च्याच हद्दीत. पाय जोडताना जपावं: छापील बाजू समोर धरली तर ७८०५ मध्ये इन, जमीन, आउट आणि ३१७ मध्ये अ‍ॅडजस्ट, आउट, इन. ३१७ ची धातूची पट्टी आउटला जोडलेली असते, ७८०५ ची जमिनीला. एकाच हीटसिंकवर बसवताना ३१७ खाली मायका आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच, नाहीतर चालू करताच आउटपुट जमिनीला शॉर्ट.

शेवटी ४७० ओहमचा तोच लोड, स्कोपचा तोच ट्रिगर, आणि ५ व्होल्टवर नॉब झपाझप मागेपुढे. ट्रिगर पडला नाही. मग पॉटच्या मधल्या पायाची वायर मुद्दाम काढली. रेषा तिरकी चढत ११.७ वर स्थिरावली, आणि ७८०५ च्या टर्मिनलवर ५ व्होल्ट तसेच राहिले. प्रयोगशाळेतले त्याच बनावटीचे बाकीचे सप्लायही मागवून घेतले.