तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबा, नात आणि औदुंबरची सायकलवारी

‘वडील सत्तरीचे, मुलगी आठ वर्षांची. सगळ्यांनी मिळून दोन दिवस सायकलवर जायचं तर कुठे? कास जमेल का?’ दिवाळी जवळ आली की हा प्रश्न ठरलेला.

कास नको. साताऱ्याहून अंतर 25 किलोमीटरच, पण बराचसा चढ. सांगलीहून औदुंबरही साधारण तेवढंच, आणि कृष्णाकाठचा रस्ता जवळपास सपाट. नांद्रे, वसगडे, भिलवडी करत जायचं, औदुंबरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. संक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरतं, तेव्हा राहायची सोय आधी बघा.

काळजी सगळे आजोबांची करतात. दमते नात. हिशेब करून बघा: तिच्या 20 इंची सायकलला साखळीच्या पुढच्या चक्राला 36 दात, मागच्याला 18 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जाते सव्वातीन मीटरच्या आत. आजोबांची जुनी 28 इंची, 44 आणि 18 दातांची, एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर. म्हणजे औदुंबरपर्यंत आजोबांचे साडेचार हजारांच्या थोडे वर फेरे, नातीचे पावणेआठ हजार! म्हणून नातीच्या वेगाने सगळे. तिच्या पुढे-मागे एकेक मोठं माणूस. दर पाच किलोमीटरला थांबा, ती ‘दमले’ म्हणायची वाट बघू नका.

आजोबांना नवी गिअरची सायकल त्या दिवशी देऊ नका. ज्या सायकलवर रोज दूध आणायला जातात तीच बरी. फक्त सीटची उंची बघा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की दहाव्या किलोमीटरला गुडघ्याची वाटी दुखायला लागते आणि दोष वयाला जातो. उतरताना तोल जात असेल तर दोन सेंटिमीटर खाली घ्या, त्याहून जास्त नको. बीपीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पंक्चर होणारच, बांधाकडेला बाभळी आहेत. ठिगळ लावूनही पुन्हा हवा जाते ती बहुतेक वेळा काटा टायरमध्येच राहिल्यामुळे. टायरच्या आतून फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे काटा. तो बाहेरून दिसत नाही, चिमट्याने आतूनच ओढावा लागतो. मग ट्यूब पॉलिश पेपरने घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं हात बांधून बसा. घाई नडते ती इथेच: ओल्या सोल्युशनवर लावलेलं ठिगळ सरकतं. बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही, तेव्हा दाबा. प्रत्येक मापाची एक नवी ट्यूब जवळ हवीच, 20 इंची तर नक्की. गावच्या दुकानात 28 ची मिळेल, हिची मिळेलच असं नाही. पेट्रोलपंपावर हवा भरू नका, सायकलची ट्यूब क्षणात फुटते.

खरा धोका उसाचा. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून न जाता आतल्या बाजूला येते, आणि मुलं नेमकी तिथेच घुसतात. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की सगळ्यांनी कडेला उतरून उभं राहायचं, ओव्हरटेक वगैरे काही नाही. अंधार पडल्यावर तर निघूच नका, कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. नदीकाठी धुकं असतं, म्हणून थंडीत साडेसातच्या आत निघण्यातही अर्थ नाही.

पाणी माणशी दोन लिटर. एका बाटलीत, एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

परतताना कुणी थकलं तर त्याला भिलवडी स्टेशनवर पॅसेंजरला बसवा. सायकली छोट्या हत्तीत टाका. गिअरवाली आडवी ठेवलीत तर गिअरची बाजू वर, आणि दोन सायकलींच्या मध्ये पोतं. गिअरचा हूक, म्हणजे मागचा गिअर ज्याला टांगलेला असतो तो, वाकला की ते घरी कळत नाही. पुढच्या फेरीत सगळ्यात हलका गिअर टाकला की साखळी सरळ आऱ्यांत जाते.