बहिणीचा पाचवा वाटा

हक्कसोडपत्र हा वकिलीतला सगळ्यात सोपा दस्त. मजकूर ठरलेला असतो. बहीण आपला हिस्सा भावाच्या लाभात सोडते, मोबदला काही नाही, कुणाचा दाबदबाव नाही. पूर्वी दोनशेचा मुद्रांक लागायचा, आता पाचशेचा. दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाकडं फोटो आणि अंगठा, की विषय संपला. घरात बाप गेला की हिंदूंत दिवसकार्य आणि मुसलमानांत चाळिसावा उरकला रे उरकला, बहिणींना वकिलाकडं आणलं जातं. कोल्हापुरात एवढी वर्षं काम करताना मी असे शेकड्यांनी दस्त केलेत. सही करणाऱ्या बाईशी एकटीशी बोलल्याखेरीज मात्र मी मसुद्याला हात घालत नाही. भाऊ बाहेर, दार बंद.

हे सांगते ते ऐन पावसाळ्यातलं आहे. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चालली होती. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती झालं हे जो तो मोबाइलवर बघत होता. शिरोळ तालुक्यातल्या एका पक्षकाराला मी दुपारची वेळ दिली होती, पण रस्ता बंद व्हायच्या आत परत जायचं म्हणून ते सकाळीच येऊन बसले. साठीतला शेतकरी आणि त्याची धाकटी विधवा बहीण. सकाळची वेळ शहरातल्या एका मुस्लिम कुटुंबाची होती. दोन भाऊ, त्यांची थोरली बहीण, आणि बहिणीची समजूत घालायला म्हणून भावांनी आणलेले मौलाना. माझं ऑफिस म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. दार लावलं तरी मोठ्यानं बोललेलं बाहेर ऐकू जातं.

प्रकरण साधं होतं. वडिलांच्या नावचं घर, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, आई आधीच गेलेली. वारस तीन. धाकट्या भावानं सुरुवात केली, "मॅडम, आपाचं काय म्हणणं नाही. तिच्या लग्नात अब्बांनी भरपूर दिलंय. फ्रीज, कपाट, पाच तोळे. तोच तिचा हिस्सा झाला."

आपा पन्नाशीच्या. शिलाईचं काम करणाऱ्या, बोटांच्या टोकांना सुया टोचून झालेले बारीक काळे ठिपके. अब्बांची शेवटची दोन वर्षं त्यांच्याच घरी गेली होती. अंथरुणातच सगळं, लघवीची पिशवीसुद्धा. हे त्यांनी भावांसमोर सांगितलं नाही, मला एकटीला सांगितलं. आणि मग म्हणाल्या, "मला भांडण नको. फक्त मौलानांना एक विचारायचंय. ते आत आले तर चालेल का?"

मी सगळ्यांना आत घेतलं. आपांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ विचारलं, "मौलाना, माझा हिस्सा अब्बांनी ठरवायचा होता, भावांनी ठरवायचा, की ठरलेला आहे?"

मौलाना तरुण होते, तिशीबत्तिशीचे. भावांच्या गाडीतनं आलेले, त्यांच्याच घरी नाश्ता केलेला. ते काही क्षण गप्प बसले. नंतर त्यांनी सूरह निसाची आयत म्हटली आणि अर्थ सांगितला. आई-बाप आणि जवळचे नातलग जे मागं ठेवतात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि बायकांचाही वाटा आहे. मालमत्ता थोडी असो की फार, वाटा ठरवून दिलेला आहे. मुलाला दोन मुलींइतकं. हा हिस्सा अल्लाहनं लावून दिलेला फर्ज आहे, भावाची मेहरबानी नाही. एवढं बोलून ते भावांकडं वळले, "लग्नात दिलं ते दिलं. वारसा माणूस मेल्यावर उघडतो, त्याच्या आधी दिलेल्या कपाटाची वजाबाकी त्यात होत नाही. आणि दहेज म्हणाल तर ते आपल्या दीनमध्ये आलं कुठनं? देणं नवऱ्याच्या अंगावर आहे, मेहेर. मुलीच्या बापाच्या अंगावर काहीच नाही."

थोरला भाऊ चिडला. "मौलाना, सगळे असंच करतात. आमच्या गल्लीत एका तरी बहिणीनं हिस्सा घेतलाय का?"

"नाही घेतलेला," मौलाना म्हणाले. "म्हणून तो गेला असं नाही."

मी पॅडवर हिशोब मांडला. दोन भाऊ, एक बहीण. घराचे पाच भाग. दोन, दोन आणि एक. आपांचा पाचवा वाटा. १९३७ चा शरियत कायदा अशा मिळकतीला लागू आहे. (त्या कायद्याच्या शब्दांत शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळं रान असलं की वाद वाढतात. इथं घर होतं, बरं झालं.) हुंडाबंदीचा १९६१ चा कायदाही मी त्यांना दाखवला. त्यात हुंड्याची व्याख्या करताना मेहेर मुद्दाम बाहेर ठेवलेला आहे. बाईला मिळायचं आणि बाईच्या बापाकडनं उकळायचं, यातला फरक कायद्यानंही ओळखलेला आहे. आपल्या कोल्हापुरात मात्र मेहेर हजार-पाचशेचा लिहायचा आणि हुंडा लाखात घ्यायचा, अशी लग्नं मी दोन्ही बाजूंनी बघितलीत.

एक गोष्ट मला पटत नाही आणि ती मी मौलानांना तिथंच सांगितली. बापाचं आजारपण मुलीनं काढलं, मग मुलाला दोन आणि मुलीला एक का? ते शांतपणे म्हणाले, "घर चालवायचा भार मुलावर टाकलाय म्हणून." मी म्हटलं, "या घरात भार कुणी उचलला ते तुमच्यासमोर आहे." यावर ते काही बोलले नाहीत. माझं मत आजही तेच आहे, दोघांना सारखं मिळायला हवं. पण त्या खोलीत भांडण एक आणि दोन यांचं नव्हतं. एक आणि शून्य यांचं होतं, आणि तो शून्य धर्माच्या नावावर खपवला जात होता. मौलानांनी त्याला धर्माचं नाव द्यायचं नाकारलं. गाडी, नाश्ता, मोहल्ल्यातले संबंध, सगळं भावांच्या बाजूला असताना. याला धीर लागतो.

दस्त त्या दिवशी झाला नाही. आपा म्हणाल्या, "मी सही करणार नाही. घरातनं तुम्हाला बाहेरही काढणार नाही. माझ्या वाट्याची किंमत करा आणि जमेल तशी द्या." भाऊ तोंड पाडून गेले.

पडवीत बसलेले शिरोळचे काका हे सगळं ऐकत होते. आत येऊन खुर्चीत बसता बसता म्हणाले, "वकीलबाई, त्यांच्यात बायकांना कुठं काय किंमत असती ओ. बघितलं न्हवं आत्ता?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, त्यांच्या पुस्तकात मुलीचा वाटा चौदाशे वर्षांपासून लिहिलेला आहे. तो दिला जात नाही, हे खरं. आपल्या लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळाला तो महाराष्ट्रात १९९४ ला, आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ ला. त्यातही बाप हयात असायला हवा होता की नको, यावर सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द यायला ११ ऑगस्ट २०२० उजाडलं. आणि आज तुम्ही आक्कांना इथं कशाला आणलंय?"

ते थोडे वरमले, पण मागं हटले नाहीत. "त्यो कायदा झाला. आपल्या शास्त्रात लेकीला वाटा न्हाई. ती दिल्या घरची."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर टेबलाच्या खणात ठेवलेलं असतं. याज्ञवल्क्य स्मृती, ज्यावर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली आणि ज्यावर आपला जुना हिंदू कायदा बहुतांशी उभा होता. पुत्र नसलेल्या माणसाचे वारस सांगताना ती म्हणते, "पत्नी दुहितरश्चैव पितरौ भ्रातरस्तथा". आधी बायको, मग मुली, मग आई-बाप, आणि भाऊ त्यानंतर. काकांच्या धाकट्या बहिणीला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर सासरच्या दिरांनी सगळं ताब्यात घेतलं आणि तिला परत पाठवलं, तेही "आपल्यात असंच असतंय" म्हणून. ज्या शास्त्राचं नाव घेतलं जात होतं त्या शास्त्रात दीर चौथ्या जागेवर आहे. आजच्या कायद्यात तर तो बायको किंवा सासू असेपर्यंत रांगेतच नाही. मनुस्मृतीतही नवव्या अध्यायात "पुत्रेण दुहिता समा" असं आहे, लेक मुलासारखीच. त्याच अध्यायात बाई स्वातंत्र्याला पात्र नाही हेही आहे. मी दोन्ही काकांना वाचून दाखवलं, लपवायचं कशाला? ज्याला त्यातलं दुसरंच तेवढं आठवतं, त्यानं स्वतःची सोय बघितलेली असते. सोय बघणाऱ्यांना अडवायला आपल्या शाहू महाराजांनी शास्त्र्यांच्या होकाराची वाट बघितली नाही. १९१७ ला पुनर्विवाहाचा कायदा, १९२० ला जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्धचा कायदा. शंभर वर्षांपूर्वी, याच गावात.

मग मी आक्कांशी एकटीशी बोलले. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला टिकली. मला बरं वाटलं. शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं, सगळं बंद. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तेच करा म्हणून सांगितलं. आक्कांच्या गावानंही ठराव केलाय. काका तेव्हा ग्रामपंचायतीत होते आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांत पहिले होते. हे आक्का अभिमानानं सांगत होत्या. "दादानं माझ्या हातात सगळ्यांच्या देखत बांगड्या भरल्या, मॅडम."

आणि तोच दादा सातबाऱ्यावरनं तिचं नाव काढायला तिला घेऊन आला होता.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. वडील गेल्यावर तुम्ही तीन भावंडं सारख्या वाट्याची मालक आहात, तिसरा हिस्सा तुमचा. नवऱ्याच्या मिळकतीतही हक्क आहे, त्याचा दावा आपण वेगळा लावू. उद्या पुन्हा लग्न केलंत तरी नवऱ्याकडनं आलेला वाटा तुमचाच राहतो. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्यात लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावं लागायचं. तो काळ गेला.

त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "वाटा घेतला तर दिवाळीला कुणाच्या दारात जाऊ? सासर तुटलंच. ह्योबी उंबरा गेला तर मी बसू कुठं?"

मी आणखी दोनदा विचारलं. आठ दिवस थांबू या म्हटलं. एक गुंठा तरी नावावर राहू द्या म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना कुणी धमकावलं नव्हतं, सगळं समजलेलं होतं, निर्णय त्यांचा होता. कायद्यानं मी यापुढं काही करू शकत नाही. मसुदा मी केला, पण त्यात काकांकडनं एक कलम घालून घेतलं. आक्कांना घरातली रस्त्याकडची खोली हयातभर राहायला, आणि दरवर्षी धान्य. काका म्हणाले, "हे लिव्हायला कशाला पायजे, मी काय वाऱ्यावर सोडतोय का तिला?" मी म्हटलं, "तुम्ही नाही सोडणार. तुमच्या पोरांसाठी लिहितेय." ते कलम रजिस्टर दस्तात आहे. तिसऱ्या हिश्शाच्या जमिनीपुढं ते काहीच नाही, आणि याची चीड मला अजून आहे. ठराव करून कपाळावर कुंकू ठेवता येतं, त्यानं गावाचं काही जात नाही. जमीन द्यायची वेळ आली की शास्त्र आठवतं.

आपांच्या घराची किंमत झाली. पाचव्या वाट्याची रक्कम दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. पहिला हप्ता आलाय, दुसऱ्याला भावांनी मुदत मागितलीय आणि आपांनी ती दिलीय. पैसे मिळाल्याची पावती झाल्यावरच त्या दस्तावर सही करणार आहेत, त्याच्या आधी नाही. हे मी त्यांना बजावून सांगितलंय.

मौलाना मध्यंतरी ऑफिसला आले होते. त्यांना पॅडवरचा तो हिशोब स्वच्छ लिहून हवा होता. एक भाऊ एक बहीण असेल तर काय, आई हयात असेल तर काय. आई असेल तर आधी तिचा आठवा भाग काढायचा, मग उरलेल्याची वाटणी. हे लोकांना माहीत नसतं म्हणाले. जुम्म्याच्या बयानात सांगणार होते. मी दोन पानं टाइप करून दिली. मग तशीच दोन पानं हिंदू वारसा कायद्याची, याज्ञवल्क्याच्या श्लोकासकट, आक्कांच्या गावात दर वर्षी सप्ताह बसवणाऱ्या महाराजांकडं नेऊन दिली. त्यांनी वाचली, दोन-तीन शंका विचारल्या आणि सप्ताहातली एक दुपार मला बोलायला देतो म्हणून कबूल केलंय.