पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं पायनस

टी. वाय.ची बॉटनीची प्रॅक्टिकल संपली होती आणि मी स्पॉटिंगचे, म्हणजे मांडलेले नमुने ओळखण्याचे, पेपर तपासत होतो. सहा नंबरचा स्पॉटर पायनस, म्हणजे पाइनचं झाड. फॉर्मॅलिनच्या बरणीत एक फांदी, तिला पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला कोन, म्हणजे पाइनचा खवल्यांचा शंकू. परीक्षेपुरतं झाकलेलं लेबल 'पायनस रॉक्सबर्घी', म्हणजे हिमालयातला चीड. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं, कारण जर्नलात तेच आहे आणि त्यावर सही माझी. एकीने मात्र लिहिलं होतं, 'कोन रॉक्सबर्घीचा, पानं वॉलिचियानाची.' म्हणजे पायनसच्याच दुसऱ्या जातीची. मी एक मार्क कापला.

बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक म्हणून आलेल्या एक्स्टर्नल मॅडमनी तो पेपर बाजूला ठेवला. "सर, बरणी उघडा बघू."

फांदी धुऊन ट्रेमध्ये ठेवली. चिडाची पानं तीन-तीनच्या जुडग्यात असतात, हे मी चौदा वर्षं शिकवतोय. पहिला जुडगा मोजला. पाच. दुसरा, पाच. तिसऱ्यात चार, पाचवं पान ट्रेच्या कडेला तरंगत होतं. शिवाय चिडाच्या जुडग्याच्या बुडाशी तपकिरी आवरण असतं, ते शेवटपर्यंत सुटत नाही. इथे बूड उघडं. कैल, म्हणजे वॉलिचियाना, हे आवरण लवकर टाकून देतो.

मॅडमचं तेवढ्यावर भागेना. त्यांनी गाजराच्या फोडीत पान धरून ब्लेडने सेक्शन, म्हणजे पातळ आडवे काप, घेतले, सॅफ्रॅनिनचा लाल रंग घातला. चिडाच्या पानात मधोमध दोन वाहिनीपुंज, म्हणजे पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, दिसतात. मायक्रोस्कोपखाली एकच होता. मी भिंग फिरवून पुन्हा पाहिलं, उगाच.

कोन मात्र अस्सल चिडाचा. मुठीएवढा, लाकडासारखा टणक, खवल्यांची टोकं जाड आणि मागे वळलेली. दाबला तर तळहाताला टोचतो. कैलचा कोन वीतभर लांब, पातळ खवल्यांचा, देठाला लोंबणारा. तो या बरणीत मावलाच नसता! सिमल्याकडे खालच्या उतारांवर चीड, वर चढलं की देवदाराबरोबर कैल. रजिस्टरात एवढंच लिहिलंय, 'सिमला टूर'. कुणीतरी वरची फांदी आणि खालचा कोन एकाच पिशवीत आणला असणार.

आपल्याकडे चूक कळायचीही सोय नाही. इथे नर्सरीत 'पाइन' म्हणून जो मिळतो तो बहुधा अराउकेरिया नावाचं वेगळंच झाड असतो, तो पायनस नव्हेच. पोरांच्या दृष्टीने पायनस म्हणजे ही बरणी.

मुलीला विचारलं, तुला कसं कळलं? "सर, मी मोजली ना," एवढंच म्हणाली.

तिचा मार्क परत दिला. बाकीच्यांचे कापायचे का, यावर चर्चा करता करता चहा गार झाला. कापले नाहीत. संध्याकाळी दोरा कापून दोन बरण्या केल्या. चिडाच्या फांदीची तिसरी बरणी रिकामीच आहे, पुढची टूर सिमल्याला जाईपर्यंत.