फील्डबुकात खोडरबर चालत नाही

शुक्रवार, रात्री साडेअकरा. नारायण पेठ.

शेवटची ओरल आज दुपारी उरकली. एक्स्टर्नलनी जेमतेम दोन-तीन प्रश्न विचारले, तेवढ्यात त्यांचा चहा आला आणि माझं सिव्हिल इंजिनिअरिंग संपलं. निकाल लागायचाय. आईला फोन केला तर तिनं पहिला प्रश्न केला, "आता वह्या रद्दीत घालायच्या का गं?" बाकीच्या घालीन. सेकंड इयरचं सर्व्हेचं फील्डबुक, म्हणजे मोजलेले आकडे जागेवरच लिहायची वही, मात्र ठेवणार आहे. ते का, हे आजच लिहून काढते, नाहीतर नोकरी लागल्यावर राहून जाईल.

पुण्यात आले तेव्हा मला वाटत होतं, इंजिनिअरिंग अवघड असतं ते गणितामुळं. गणित अवघड आहेच, त्यावर येते पुढं. पण इथं अजून एक गोष्ट असते जी आधी कोणी सांगत नाही. कॉलेजात पाऊल टाकलं की सगळं तयार मिळतं. मागच्या वर्षीची जर्नलं तयार, रीडिंग तयार, ओरलची उत्तरं तयार. ड्रॉइंगच्या शीटसुद्धा काचेखाली बल्ब लावून खालची वर उतरवायच्या, त्याला जीटी म्हणतात, ग्लास ट्रेसिंग. पहिल्या महिन्यात होस्टेलच्या मुली टेबलाची काच काढून रात्रभर जीटी मारत होत्या आणि मी टी-स्क्वेअर घेऊन एका शीटवर दोन संध्याकाळी बसले होते. सगळ्या मला भाबडी म्हणायच्या. सोलापूरकडची आहे, तिला अजून कळायचंय, असंच त्यांना वाटत असणार.

कळत होतं. पण माझी एक अडचण होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गवंडी. लहानपणी सुट्टीत त्यांच्या कामावर जायचे तेव्हा ओळंबा सोडून भिंत बघायची सवय लागलेली. तिरकी भिंत दिसली की ते काही न बोलता वरचा थर उतरवायचे. मजुरी त्यांचीच जायची. त्यामुळं न मोजलेला आकडा लिहायला हात धजायचा नाही. यात फार मोठं तत्त्व वगैरे नव्हतं, सवयच तशी.

आता ते फील्डबुक. सेकंड इयरला जुलैमध्ये फ्लाय लेव्हलिंग होतं, म्हणजे दुर्बिणीतून स्टाफवरचे (आकडे लिहिलेल्या उभ्या पट्टीवरचे) आकडे वाचत जमिनीची उंची मोजत जायचं. इन्स्ट्रुमेंट मांडलं की मागच्या पॉइंटवरचं रीडिंग तो बीएस, पुढच्या पॉइंटवरचं तो एफएस. गेटजवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरलेल्या खुणेपासून निघायचं, मागच्या वसाहतीला वळसा घालायचा आणि परत त्याच बेंचमार्कवर यायचं, साधारण एक किलोमीटर. सुरुवातीची आरएल, म्हणजे उंची, १०० मीटर धरलेली. फिरून परत आलो तर शेवटची आरएल १०० यायला हवी. आमची आली १००.०३८. म्हणजे एका किलोमीटरच्या फेरीत आम्ही जमीन ३८ मिलिमीटरनं उचलून ठेवली होती. साध्या कामाला चालणारी चूक काढायचं सूत्र आहे, २४ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, म्हणजे आम्हाला मुभा २४ मिलिमीटरची. ग्रुपमधल्या एकानं लगेच तोडगा काढला, "शेवटच्या एफएसमध्ये ०.०३८ वाढव. झालं क्लोज." बाहेर पाऊस, कँटीनमध्ये गरम वडापाव, आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटांचं काम होतं.

फील्डबुकाचा नियम असा की त्यात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला नवा लिहायचा, खालचा वाचता आला पाहिजे. सरांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं आणि तेव्हा ते मला उगाच कडक वाटलं होतं. मी हट्टानं परत फेरी मारायची म्हटलं. ग्रुपमधले दोघं वैतागून आले, दोघं आलेच नाहीत.

यावेळी फेरीचे दोन तुकडे केले आणि मध्ये एक पक्का पॉइंट घेतला, म्हणजे घोळ कुठल्या अर्ध्यात आहे ते कळावं. सापडला तो वसाहतीच्या मागच्या मोकळ्या जागेत. चेंज पॉइंटला, म्हणजे इन्स्ट्रुमेंट पुढं हलवताना स्टाफ जिथं तसाच ठेवतात तिथं, स्टाफ धरला होता ओल्या मातीत. एफएस घेतला, मग इन्स्ट्रुमेंट उचलून पुढं नेईपर्यंत स्टाफवाल्यानं स्टाफ जागच्या जागी फिरवला, आणि तो मातीत थोडा रुतला. पुढचा बीएस तेवढाच जास्त वाचला गेला, आणि तिथून पुढची प्रत्येक आरएल तेवढीच वर चढली. असे दोन-तीन चेंज पॉइंट झाले की ३८ मिलिमीटर व्हायला वेळ लागत नाही. मग आम्ही दगड शोधून त्यावर स्टाफ धरला. या फेरीत ११ मिलिमीटरचा फरक आला. मुभेत बसला, तो अंतराच्या प्रमाणात वाटून टाकला.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पहिल्या फेरीचासुद्धा अरिथमेटिक चेक बरोबर जुळत होता! सगळ्या बीएसची बेरीज वजा सगळ्या एफएसची बेरीज, आणि शेवटची आरएल वजा पहिली, दोन्ही ०.०३८. तो चेक फक्त आकडेमोड तपासतो. स्टाफ चिखलात रुतलाय हे त्याला कुठून कळणार? कागदावर सगळं चोख आणि जमिनीवर घोळ, हे एकाच वेळी असू शकतं, हे मी पुस्तकात कितीदा वाचलं असतं तरी मला कळलं नसतं.

बाकीच्या बहुतेक ग्रुपांचा क्लोजिंग एरर, म्हणजे परत आल्यावर उरणारा फरक, शून्य होता. सरांनी ती फील्डबुकं चाळली, "फारच पुण्यवान मंडळी दिसताय," म्हणाले आणि सह्या केल्या. आमच्यावरही सही केली. मार्क सगळ्यांना साधारण सारखे. मला जरा वेळ वाईट वाटलं, मग वडापाव खायला गेले तर तो संपला होता.

काँक्रीटच्या क्यूबचं प्रकरण याहून महाग पडलं. एम-२० ग्रेड, म्हणजे ताकद २० यायला हवी; १५० मिलिमीटरचे तीन क्यूब, २८ दिवस पाण्यात. सीटीएमवर, दाब देऊन फोडायच्या मशीनवर, फोडले तेव्हा पहिल्या दोघांची ताकद २४.१ आणि २२.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली, तिसऱ्याची १७.२. सरासरी २१.४ च्या आसपास, वरवर बघता उत्तम. पण आयएस ४५६, काँक्रीटचं भारतीय मानक, म्हणतं की एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला तर तो रिझल्टच धरायचा नाही. तिसरा गेला होता. लॅबमधल्या मामांनी तुकडा हातात घेऊन एका नजरेत सांगितलं, "या मोल्डचा बोल्ट ढिला हाय पोरी, स्लरी गळाली. ही बघ कोपऱ्याला जाळी." परत भरायचे तर अजून २८ दिवस, आणि सबमिशन पुढच्या आठवड्यात. सीनियरच्या जर्नलात तीनही क्यूब २६-२७ च्या घरात, मोत्याच्या अक्षरात. मी लिहिलं : रिझल्ट ग्राह्य नाही, कारण अमुक. टर्मवर्कला मार्क कापले गेले. ज्यांनी २६.४ लिहिलं त्यांचे नाही.

हे लिहिताना राग येतोय का बघतेय. थोडा येतोय.

गणिताचं सांगते. एम-थ्री, गणिताचा तिसरा पेपर, राहिला. केटी. डिफरन्शियल इक्वेशन्स जमायची, व्हेक्टर कॅल्क्युलसनं मारलं. ते सहा महिने वाईट होते. संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, मेसचे आणि अभ्यासिकेचे पैसे त्यातून निघायचे. रात्री पेरूगेटच्या बाजूला अभ्यासिकेत. अप्पा बळवंत चौकातून जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच आणलेले, सेकंडहँड, कोणीतरी पेन्सिलनं सोडवलेले. त्या पेन्सिलच्या रेघा आधी खोडायच्या आणि मग गणित करायचं. (तिथं खोडरबर चालतो.) सोडवलेलं गणित वाचलं की आपल्याला येतं असं वाटतं, आणि कोरा कागद घेतला की दुसऱ्या ओळीवर अडतं. मी अडायचे तिथंच बसून राहायचे. अर्धा तास, कधी तास. मग दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनबाहेर. मॅडम एकदा म्हणाल्या, "तू फक्त अडलेलीच पानं घेऊन येतेस." हे कौतुक होतं की तक्रार, मला आजही कळलेलं नाही. एम-थ्री सुटला, काठावर नाही, बऱ्यापैकी सुटला.

त्या बसण्याचा उपयोग थर्ड इयरला झाला. मोमेंट डिस्ट्रिब्यूशन मला फार आवडायचं. हार्डी क्रॉस नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९३० मध्ये मांडलेली पद्धत. प्रत्येक जॉइंटला न जुळणारा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, असतो, तो मेंबरच्या, म्हणजे तुळई-खांबाच्या, ताठरपणाच्या प्रमाणात वाटायचा, त्याचा अर्धा पलीकडच्या टोकाला पाठवायचा, तिथं परत काहीतरी बिघडतं, ते परत वाटायचं. हळूहळू आकडे लहान होत जातात. या पद्धतीत गडबड गृहीतच धरलेली आहे, एका झटक्यात बरोबर यायची अपेक्षाच नाही, म्हणून मला ती माणसाळलेली वाटायची. मैत्रिणी हसायच्या, गणित कधी माणसाळतं का म्हणून.

परीक्षेतल्या चिठ्ठ्यांवर फार लिहित नाही. होत्या. फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत घेणारेही होते. आम्ही पाडकामातल्या जुन्या काँक्रीटची खडी वापरून मिक्स केलं, आणि त्या खडीला चिकटलेला जुना मसाला इतकं पाणी पितो की आमचा स्लंप, म्हणजे साचा काढल्यावर ओलं काँक्रीट जेवढं खाली बसतं ते, पहिल्यांदा आलाच नाही. शंकूचा शंकू उभा राहिला. तो फोटो आम्ही रिपोर्टात घातला.

दरवर्षी १५ सप्टेंबरला कॉलेजात विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो. १८८३ साली इथंच, पुण्यात, त्यांनी इंजिनिअरिंग पूर्ण केलं. १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. भाषणात हे सगळं येतं. नेमक्या त्याच दिवसांत सबमिशनची गडबड असते आणि हार घालून झाला की मंडळी जर्नल उतरवायला झेरॉक्सच्या दुकानात. मला दरवर्षी हसू यायचं.

खडकवासल्यावरून आठवलं. मी राहते ती कॉट बेसिसची खोली ज्या आजींच्या वाड्यात आहे, त्या १२ जुलै १९६१ ला शाळकरी मुलगी होत्या. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरणाचं काम पुरं व्हायच्या आत पाणी अडवलं होतं. भाडं द्यायला गेले की आजी पुराचं काहीतरी सांगतात : कुठल्या पायरीपर्यंत पाणी होतं, कोणाची शिवणयंत्रं वाहून गेली. मी सिव्हिलला आहे कळल्यावर त्यांनी भाडं कमी केलं नाही, पण म्हणाल्या, "धरणबिरण बांधायला गेलीस तर मला सांग हो आधी. मी गावाला जाईन."

मागच्या आठवड्यात एक ज्युनिअर आली होती, आमच्याच तालुक्यातली. "ताई, तुझी जर्नलं देशील का? अक्षर छान आहे म्हणतात." दिली. अडवून काय करणार, कोणाचं तरी मिळणारच तिला. लेव्हलिंगला जायचं तर वसाहतीच्या मागं मातीत स्टाफ धरू नको, कट्ट्याचा दगड आहे तो घे, एवढं सांगितलं. दोन दिवसांनी क्यूबच्या पानाचा फोटो पाठवून विचारते, "ताई, हे रिझल्ट चुकलंय का? दुसरं कोणाचं आहे का?" मी लिहिलं, चुकलेलं नाही, तसंच आलं होतं. तिनं अंगठा पाठवला. पुढं तिनं काय लिहिलं कोणास ठाऊक.

एक तारखेपासून वाकडच्या साइटवर ट्रेनी म्हणून रुजू व्हायचंय. पगार सांगण्यासारखा नाही. मघाशी अण्णांशी बोलले. ते पंधरा टक्क्यांचं त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागदावर ठीक हाय. पर साइटवर क्यूबचा माल येगळा कालवत्यात, सिमिट जास्त घालून. स्लॅबात जातो तो येगळाच. तुला ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे माझे १७.२ निदान आमच्याच मालाचे होते. मग काय करायचं, असं विचारलं.

"स्लॅब भरताना मिक्सरपाशी तू सोता उभी ऱ्हा. घमेलं जातंय तिथनंच क्यूबचा माल उचलायला लाव. आन चप्पल घालून जाऊ नको, बूट घे. पैसं नसतील तर सांग, पाठवतो."

उद्या लक्ष्मी रोडला बूट बघायला जायचंय.