स्प्रिंगच्या जुन्या एअर गनची घरी केलेली दुरुस्ती: माझा अनुभव

माझ्या मामांच्या यावल तालुक्यातील केळीच्या मळ्यात अनेक वर्षे पडून असलेली छर्ऱ्याची बंदूक माझ्याकडे आली, तेव्हा तिची नळी मोडून, म्हणजे जोडावर खाली वाकवून, स्प्रिंग भरता येत होती आणि चाप ओढल्यावर बारही निघत होता. परंतु छर्रा दहा मीटरवरच्या पुठ्ठ्याला भोक पाडण्याऐवजी नुसता खळगा करून खाली पडत होता. बघणाऱ्या प्रत्येकाने स्प्रिंग थकली आहे, जोरदार स्प्रिंग टाका, असाच सल्ला दिला. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्याच्यापायी कितीतरी चांगल्या जुन्या बंदुका भंगारात गेल्या आहेत, म्हणूनच हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

बंदूक डायना कंपनीची, मॉडेल २७. ही कंपनी जर्मनीतील रास्टाट येथे १८९० साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची यंत्रसामग्री स्कॉटलंडमध्ये गेली आणि १९५० च्या सुमारास रास्टाटमध्ये पुन्हा उत्पादन सुरू झाले. स्प्रिंग ज्यात असते त्या जाड नळकांड्याच्या मागच्या टोकाशी डाव्या बाजूला महिना आणि वर्ष ठोकलेले असते. त्यावरून आमची बंदूक १९६० च्या दशकातील निघाली. गंजाखाली कंपनीचे चिन्हही शाबूत होते: शिकारीची देवता डायना धनुष्यबाण टाकून देते आहे आणि एअर गन डोक्यावर उंच धरते आहे. हे चिन्ह घासून पुसट होऊ नये, यासाठी मी पॉलिश पेपरला हात लावला नाही. अगदी बारीक स्टील वूल आणि हलके तेल घेऊन जेवढा गंज निघाला तेवढाच काढला आणि जुना काळपट रंग तसाच ठेवला.

काम सुरू करण्यापूर्वी नळीचे माप तपासले. मॉडेल २७ ही ४.५ आणि ५.५ मिलिमीटर अशा दोन्ही मापांत बनत असे, आणि आपल्याकडे शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागतो. आमची ४.५ ची होती. आमच्या भागात केळी, ज्वारी राखायला अशा बंदुका पूर्वी सर्रास असत. पण पोपट काय किंवा इतर रानपाखरे काय, त्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, आणि ही बंदूक फक्त कागदी निशाणासाठीच वापरायची हे मी घरात आधीच स्पष्ट केले होते.

दस्त्याचे स्क्रू काढून यंत्रणा मोकळी केल्यावर खरे जोखमीचे काम येते. मागचा चापाचा ठोकळा दोन आडव्या पिनांनी अडकवलेला असतो आणि त्याच्या पुढे स्प्रिंग दाबाखाली असते. हे काम हाताने करू नये. सुताराकडचा सॅश क्लॅम्प (लांब शिकंजा) आणून ठोकळा आत दाबला, पिना ढिल्या झाल्याची खात्री करून त्या काढल्या आणि क्लॅम्प सावकाश उलटा फिरवत स्प्रिंग पूर्ण सैल होऊ दिली. बाहेर आली ती मूळची स्प्रिंग नव्हतीच. पूर्वी कोणीतरी जाड तारेची, गरजेपेक्षा लांब स्प्रिंग कोंबली होती. ती मधून वाकली होती आणि तिने दट्ट्याच्या (पिस्टनच्या) आतल्या भिंतीवर चरे पाडले होते. दट्ट्याच्या तोंडाशी असलेला चामड्याचा वॉशर तर पापडासारखा कडक होऊन बोटात तुटला. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या चामड्यातले तेल सुकून जाणे साहजिकच होते.

हे सगळे मी भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका टर्नर काकांकडे नेले. त्यांनी दट्ट्या नळकांड्यात घालून पुढे-मागे सरकवला, पुढचे भोक अंगठ्याने बंद करून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, स्प्रिंगचा नाद सोडा. हवा धरली तं जोर आपोआपच येईन.” या बंदुकीचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. स्प्रिंग छर्ऱ्याला ढकलत नाही. ती दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि दाबलेली तापलेली हवा लहानशा भोकातून जाऊन छर्ऱ्याला ढकलते. वॉशरच्या कडेने किंवा नळीच्या जोडावरून हवा निसटत असेल, तर जड स्प्रिंगने फक्त दट्ट्या पुढे जाऊन जोरात आदळतो. धक्का वाढतो, दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, नेम बिघडतो आणि छर्ऱ्याचा वेग मात्र होता तिथेच राहतो.

वॉशरसाठी बैलांच्या साजाला वापरतात ते बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे घेतले. चपलेच्या दुकानात मिळणारे मऊ क्रोम चामडे इथे आकार धरून राहत नाही. काकांनी लेथवर एक कडे आणि एक गट्टू असा साचा करून दिला. चामडे कोमट पाण्यात भिजवून त्या साच्यात वाटीच्या आकारात दाबले, सावलीत पूर्ण वाळू दिले, वाटीची कड धारदार पात्याने सारखी कापली आणि मग रात्रभर एरंडेलात बुडवून ठेवले. नळकांड्यात घातल्यावर दट्ट्या स्वतःच्या वजनाने सरकू नये, पण अंगठ्याच्या दाबाने विनाअडखळता सरकावा, इतपत घट्टपणा हवा. तो येईपर्यंत वॉशरची बाहेरची बाजू बारीक पेपरने थोडी थोडी उतरवत गेलो. नळीच्या जोडावरचा लहान वॉशरही त्याच चामड्यातून कापला.

बदल म्हणावा असा मी एकच केला. मूळ पत्र्याच्या मार्गदर्शक नळीवर स्प्रिंग सैल बसत असे, त्यामुळे बार निघताना ती थरथरून झणझण आवाज करी. जळगावला प्लास्टिकचा धंदा मोठा असल्याने डेलरिनची दांडी सहज मिळाली; तिच्यातून काकांनी स्प्रिंगच्या आत घट्ट बसेल असा मार्गदर्शक कातून दिला. मूळ मापाची नवी स्प्रिंग घेतली, तिची दोन्ही टोके घासून सपाट व गुळगुळीत केली. मॉलिब्डेनमचे ग्रीस स्प्रिंगवर आणि दट्ट्याच्या मागच्या भागावर पातळ लावले. वॉशरच्या पुढे मात्र ग्रीसचा किंवा तेलाचा थेंबही ठेवला नाही. तिथे तेल राहिले की दाबाच्या उष्णतेने ते पेट घेते, धूर निघतो, मोठा आवाज होतो आणि स्प्रिंग व वॉशर दोन्ही लवकर जातात. पुष्कळांना हा आवाज म्हणजे ताकद वाटते.

जोडणीत सर्वांत नाजूक भाग चापाचा. या मॉडेलमध्ये दट्ट्याची दांडी तीन पोलादी गोळ्यांनी अडवून धरलेली असते. गोळ्या जागेवर बसेपर्यंत त्यांना घट्ट ग्रीसमध्ये चिकटवून ठेवावे लागते, आणि खाली पांढरी चादर अंथरून काम केले तर निसटलेली गोळी लगेच सापडते. बंदूक जोडल्यावर नळी मोडून भरलेल्या अवस्थेत, नळी हाताने पक्की धरूनच, चाप अडकतो की नाही हे पुन्हा पुन्हा तपासले. नळी झटक्याने बंद झाली तर बोट तुटू शकते.

दस्ता बीच लाकडाचा होता. जुने वॉर्निश काढून, मानेजवळची बारीक चीर एपॉक्सीने भरून, उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकू नयेत. ते आपोआप पेट घेतात, विशेषतः आपल्याकडच्या उन्हात. मी ते पसरून वाळवले आणि मगच टाकले.

नेमबाजी शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्रशिक्षकांकडून वेग मोजण्याचे यंत्र आणले. दुरुस्तीपूर्वी अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याचा वेग सेकंदाला ११० मीटरच्या आसपास होता आणि प्रत्येक बाराला खूप वरखाली होत असे. आता तो १६५ मीटरवर स्थिरावला आहे, म्हणजे ऊर्जा सुमारे ६.८ जूल, कायद्याच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी आणि या बंदुकीच्या मूळ ताकदीला साजेशी. वेगापेक्षा मला त्यातला सारखेपणा मोलाचा वाटतो, कारण निशाणावर तोच दिसतो. जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरलेल्या आणि मागे वाळूची पिशवी लावलेल्या खोक्यावर दहा मीटरवरून बार काढले, तर छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडतात. अट एवढीच की पुढचा हात दस्त्याखाली सैल उघडा ठेवावा. घट्ट आवळून धरली की स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का नेम हलवतो. छर्रा न घालता बार काढायचा नाही, कारण छर्ऱ्याच्या अडसरामुळे पुढे हवेची गादी तयार होते आणि दट्ट्या सावरला जातो. छर्रे शिशाचे असल्याने नंतर हात साबणाने धुतो, आणि एप्रिल-मे मध्ये दट्ट्याच्या वॉशरला मागच्या बाजूने एरंडेलाचा एखादा थेंब देऊन बंदूक दोन दिवस उभी ठेवतो.