नाशिकची स्वस्त शेनिन ब्लां चाखताना

शेनिन ब्लां म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. नाशिकची स्वस्त शेनिन ओकच्या लाकडी पिंपात जातच नाही. स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवायची, गाळायची आणि बाटलीत भरायची. त्यामुळे व्हॅनिला, भाजका पाव असले पिंपाचे वास तिला नसतात आणि एखादा दोष असला तर तो झाकायलाही काही नसतं.

दुकानात आधी लेबलावरचं साल बघा. आपल्याकडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. चालू किंवा मागच्या सालची बाटली घ्या, त्याहून जुनी सवलतीतही नको. शोकेसमध्ये दिव्याखाली तापत उभी असलेली तर नकोच.

खरी गडबड होते तापमानात. फ्रिजमधून काढल्या काढल्या, ४-५ अंशांवर, वास दबलेला असतो आणि नुसता आंबटपणा टोचतो. १५ अंशांच्या पुढे गेली की अल्कोहोल नाकात चढतं, गोडवा चिकट लागतो. तिला ८ ते १० अंश मानवतात. फ्रिजमध्ये तीन तास ठेवा, मग बाहेर १०-१५ मिनिटं. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत २० मिनिटं पुरतात. पेल्यात बर्फ मात्र टाकू नका.

५०-६० मिली ओता, पेला दांडीला धरा. पांढऱ्या कागदावर तिरका केला की रंग फिकट, किंचित हिरवट दिसायला हवा. ताजं साल असूनही रंग गडद सोनेरी आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, म्हणजे हवा लागून वाइन उतरली. विझलेल्या काडीचा वास आला तर घाबरू नका. तो गंधकाचा, पेला फिरवत राहिलं की बहुधा पाच-दहा मिनिटांत जातो. मग पेरू, नासपती, लिंबाची साल सापडते. अर्थात स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी चालू असेल किंवा देवापाशी उदबत्ती, तर यातलं काहीच सापडणार नाही.

फळाचा वास आला की जीभ उगीचच 'गोड' म्हणते. म्हणून एक घोट नाक चिमटीत धरून घ्या. तरीही गोड लागली तर साखर खरोखर उरलेली आहे. नाशिकच्या शेनिनमध्ये ती बऱ्याचदा थोडी असते, आणि तिखट कोथिंबीर वडीबरोबर तीच कामी येते. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं नाही, तर आंबटपणा कमी पडलाय. अशी वाइन दुसऱ्या पेल्यापर्यंत कंटाळवाणी होते.

उरलेली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे; शेवटचा पेला हलक्या हाताने ओता.