सानरेमो, आमची गळती आणि राईचा पर्वत

गेल्या शुक्रवारी इथे इटलीत आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा मेसेज आला, छताच्या कामासाठी सभा 26 फेब्रुवारीला, गुरुवारी, रात्री नऊ वाजता. छताचं काम म्हणजे अक्षरशः माझ्या डोक्यावरचं काम, कारण आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि नोव्हेंबरपासून किचनमध्ये बादली लावलीये. मी ताबडतोब थम्सअप टाकला. आणि मग जो दंगा सुरू झाला तो मी या बिल्डिंगमध्ये सहा वर्षांत पाहिला नव्हता. जिन्यातला दिवा गेला तर महिनाभर मिठाची गुळणी धरून बसणारी माणसं दोन मिनिटांत टायपायला लागली. गुरुवारी? त्या गुरुवारी? अहो सानरेमो आहे त्या आठवड्यात! शेवटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनेच माफी मागितली, माझ्या लक्षातच आलं नाही म्हणाला, आणि सभा गेली 5 मार्चला. माझी गळती एका गाण्याच्या स्पर्धेमुळे आठवडाभर पुढे गेली आणि मी सोडून कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. सानरेमो हे समुद्रकाठचं गाव, इटलीच्या लिगुरिया भागात, फ्रान्सच्या सीमेजवळ, फुलांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. तिथे 1951 पासून दरवर्षी इटालियन गाण्यांची स्पर्धा होते. पहिल्या वर्षी कसिनोमध्ये, लोक टेबलांवर खातपीत बसलेले, वीस गाणी आणि ती म्हणायला मोजून तीन जण (त्यातला एक जण म्हणजे दोन बहिणींची जोडी), आणि सगळं रेडिओवर. टीव्हीवर आली 1955 मध्ये. युरोव्हिजन म्हणून जी मोठी स्पर्धा आहे ती 1956 ची, ती हिचीच लेक म्हणायची. ‘वोलारे’ तुम्ही नक्की ऐकलं असेल, निदान हॉटेलात तरी, ते 1958 ला इथेच जिंकलं. आता ही पाच रात्री चालते, मंगळवार ते शनिवार, आणि 2025 ला फायनलच्या रात्री त्या वेळी टीव्ही बघणाऱ्या दर शंभर माणसांपैकी 73 माणसं हेच बघत होती. आपल्याकडे वर्ल्डकपची फायनल सोडली तर असं काय आहे सांगा.

सगळं करते ती सरकारी वाहिनी, तिचं नाव राई. आता मराठी माणसाने यावर काय बोलावं, राईने केलेला पर्वत आहे हा सरळसरळ. बरं फुकट नाही, टीव्हीची लायसन्स फी वर्षाला 90 युरो, ती लाइटबिलातून दर महिन्याला 9 युरो अशी दहा हप्त्यांत जाते. म्हणजे बादली लावलेल्या किचनच्या लाइटबिलातून मी पण थोडीशी आयोजकच.

तर मला खरं सांगायचंय ते त्या प्लॅनिंगबद्दल. मी इथे आल्यापासून सगळ्यांना हेच सांगत आलेय की इटली म्हणजे आपलंच, फक्त चीज जास्त. गीझरचा माणूस ‘उद्या’ म्हणतो तेव्हा तो उद्या कॅलेंडरमध्ये नसतो. एका सरकारी ऑफिसने मला अपॉइंटमेंट दिली होती सकाळी 10:27 ची, सत्तावीस, तीस सुद्धा नाही, मी हसले आणि 10:20 ला जाऊन उभी राहिले तर आत गेले दुपारी पावणेदोनला. आणि याच देशात सानरेमोची ‘स्कालेत्ता’ निघते. स्कालेत्ता म्हणजे त्या रात्रीचा पूर्ण क्रम, कोण कधी गाणार, जाहिरात कधी, पाहुणा कधी, जिन्यावरून कोण कधी उतरणार (तिथे एक मोठा जिना असतो, त्यावरून पडण्याची भीती हा सगळ्या देशाचा आवडता विषय आहे), आणि प्रत्येक नावापुढे वेळ. 21:53. 22:04. 23:41. ती दुपारीच पेपरांच्या वेबसाइटवर येते आणि खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा ती वहीत उतरवून घेतात, लाल पेनाने.

मी पहिल्या वर्षी मुद्दाम घड्याळ लावून बसले. म्हटलं बघू किती वेळ टिकतं हे 21:53. आणि टिकलं हो, चार-पाच मिनिटं इकडेतिकडे, पण टिकलं. मागे अख्खा लाइव्ह ऑर्केस्ट्रा, एक गाणं संपलं की दुसऱ्याचा कंडक्टर येतो, त्याचं नाव घेऊन टाळ्या होतात, नोटेशन बदलतात, माइक बदलतात, आणि गाणं संपूर्ण नवीन पाहिजे, आधी कुठे ऐकवलेलं चालत नाही. अर्थात रात्र संपायची वेळ हा वेगळा विषय, अमादेउस नावाचे सूत्रसंचालक होते त्यांच्या काळात दोन-दोन वाजायचे, मग 2025 ला कार्लो कोंती परत आले आणि त्यांनी ते एकच्या आसपास खेचून आणलं तर लोक असं बोलत होते जणू त्यांनी रेल्वे वेळेवर आणली.

आणि ही तयारी काय फेब्रुवारीत सुरू होते असं नाही. शरद ऋतूत गाणी जातात, 2026 साठी ती कोंतींनी बसून ऐकली, नोव्हेंबरच्या शेवटी दुपारच्या बातम्यांमध्ये त्यांनी नावं जाहीर केली, तीस, आणि तेव्हा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये काटेचमचे खाली ठेवले गेले. जानेवारीत पत्रकारांना गाणी आधी ऐकवतात आणि ते शाळेसारखे दहापैकी मार्क देतात, साडेसहा, सात उणे, असे. मग एक साप्ताहिक सगळ्या गाण्यांचे शब्द छापतं. मग लोक फान्तासानरेमोच्या टीम लावतात. हा फान्तासानरेमो म्हणजे क्रिकेटच्या त्या टीम लावायच्या अ‍ॅपसारखा प्रकार, 2020 मध्ये मार्के भागातल्या एका बारमध्ये मित्रमित्रांनी सुरू केला, आता लाखो टीम असतात. चलनाचं नाव बाउदी, पिप्पो बाउदो यांच्यावरून, त्यांनी तेरा वेळा हा महोत्सव चालवला, ऑगस्ट 2025 मध्ये गेले. शंभर बाउदीत गायक विकत घ्यायचे आणि नुसतं चांगलं गाऊन नंबर काढला म्हणून पॉइंट नाहीत तर स्टेजवर काय वेडेपणा करतात त्यावरही पॉइंट. एका वर्षी ‘मारा मावशीला नमस्कार’ (म्हणजे टीव्हीवरच्या सूत्रसंचालिका मारा वेनिएर) म्हटलं की बोनस होता, आणि चांगले मोठे गायक अंगात सूट घालून मारा मावशीला नमस्कार करत होते. माझा बॉस ज्या गांभीर्याने टीम लावतो त्या गांभीर्याने त्याने माझं अप्रेझल केलं असतं तर मी आज कुठे असते.

या वर्षी, 2026 ला, तर महोत्सवच पुढे सरकलाय, 24 ते 28 फेब्रुवारी, कारण 6 ते 22 हिवाळी ऑलिंपिक आहे मिलान आणि कोर्तिनाला. सानरेमोला धक्का लावायला ऑलिंपिक लागलं. माझं छत कोण लागून गेलंय.

अजून एक गंमत. हा महोत्सव नक्की कोणाचा यावर कोर्टबाजी झाली. गावाची नगरपालिका तो थेट राईला देत होती, तर डिसेंबर 2024 मध्ये लिगुरियाच्या प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं असं थेट देता येणार नाही, खुली प्रक्रिया करा. मग झाली प्रक्रिया, नगरपालिकेने वर्षाला कमीत कमी 65 लाख युरो आणि वर जाहिरातींच्या उत्पन्नातला एक टक्का अशी अट घातली, सगळ्या देशाचं लक्ष, आणि अर्ज आला एकच. कोणाचा? राईचा. हे वाचून मला इतकं घरच्यासारखं वाटलं म्हणून सांगू.

दोन वर्षांपूर्वी मी सानरेमोला जाऊन पण आले, ऑफ सीझनला, कारण त्या आठवड्यात हॉटेलचे भाव विचारायची पण सोय नसते. स्टेशन डोंगराच्या पोटात आहे, प्लॅटफॉर्मवरून बाहेर यायला इतकं चालावं लागतं की वाटतं परत घरी टोरिनोला पोचलो. आणि ते प्रसिद्ध आरिस्तोन थिएटर, 1977 पासून (1990 सोडून) महोत्सव तिथे होतो, ते बाहेरून चक्क एखाद्या टॉकीजसारखं. सिनेमा थिएटरच आहे ते मुळात. दुकानांच्या रांगेत, शेजारी चपलांचं दुकान. टीव्हीवर कसलं राजवाड्यासारखं दाखवतात. मला आधी हसू आलं आणि मग थोडा राग पण आला, की बघा, दोन हजार खुर्च्यांच्या टॉकीजमधून हे लोक अख्खा देश पाच रात्री जागा ठेवतात आणि आमचं सवाई.

सवाई 1953 पासून आहे, म्हणजे सानरेमोपेक्षा दोनच वर्षांनी लहान. बाबा आम्हाला घेऊन जायचे, सतरंजी, थर्मास, कानटोपी, आणि पहाटेचा राग ऐकून सकाळी रिक्षाने घरी. मग लाउडस्पीकरचा दहाचा नियम आला आणि रात्रभराचं सवाई संपलं. मला कळतं, नियम बरोबर आहे, हॉस्पिटलं असतात, म्हातारी माणसं असतात, आणि सानरेमो बंद थिएटरात होतं, तुलना चूक आहे, सगळं मान्य. तरी इथे रात्री एक वाजता बाल्कनीत उभं राहिलं की समोरच्या सगळ्या खिडक्यांत तोच निळा उजेड एकाच वेळी हलताना दिसतो तेव्हा मला दर वर्षी चिडल्यासारखं होतं. आणि हो, आपल्याकडे भीमसेनजींना कुणी मार्क देत नव्हतं, जिन्यावरून उतरवत नव्हतं. गाणं म्हणून तुलनाच नाही. हे मी ऑफिसमध्ये एकदा म्हणाले, कुणी वाद घातला नाही, फक्त विचारलं की मग ते कुठल्या चॅनलवर लागतं.

मला जे वाटतं ते असं की या लोकांना प्लॅनिंग येत नाही हे साफ खोटं आहे. यांना जे मनापासून आवडतं त्याचंच येतं. आणि हे मी कोणाला बोलतेय, गणपतीच्या मिरवणुकीत कोणतं पथक कोणत्या चौकात कधी हे पाठ असणाऱ्या आमच्या सोसायटीने पाण्याच्या टाकीचा ठराव सात वर्षं फिरवला. भावाला मात्र मी हे गळतीचं अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतं युरोपात सगळं झटपट होतं, आणि मी एवढ्या लांब येऊन राहिलेय तर त्याला तसं वाटू दे.

2025 ला मी टीव्ही बघायला सिन्योरांकडेच होते. सिमोने क्रिस्तिक्की नावाच्या गायकाचं गाणं होतं, आई म्हातारपणी पुन्हा लहान होते त्यावर. इटालियन मला कळतं पण गाण्यातलं सहसा निसटतं, हे एक अक्षर निसटलं नाही. आईचं त्याच महिन्यात सुरू झालं होतं, गॅस बंद केला का हे दहा वेळा बघणं, मला ताईच्या नावाने हाक मारणं. सिन्योरांनी काही विचारलं नाही, रिमोटने आवाज थोडा वाढवला आणि रुमालाचा बॉक्स माझ्याकडे सरकवला, स्वतः वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. नंतर बघितलं तर त्या गाण्यासमोर मार्कच लिहिला नव्हता. पाचवं आलं ते शेवटी. जिंकला ऑली, ज्याला माझ्या मुलीने टीममध्ये घेतलं होतं आणि मी नाही.

परवा सिन्योरा जिन्यात भेटल्या. छताबद्दल वाईट वाटतं म्हणाल्या, पण मतदान मात्र त्यांनीही 5 मार्चलाच केलं होतं, मी बघितलंय. मग पर्समधून चौकोनी कागद काढला. या वर्षी पाच रात्री कोणी काय आणायचं याची यादी, लाल पेनाने. मंगळवारी चौथ्या मजल्यावरच्यांचा लसान्या, बुधवारी त्यांचं स्वतःचं, आणि गुरुवारसमोर माझं नाव, पुढे ‘ते बटाट्याचे गोल, तिखट कमी’, आणि त्याच्या पुढे वेळ.

21:40.

मी म्हटलं सिन्योरा, तळायचे असतात ते, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतील. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 21:50 ला जाहिरात आहे, तोपर्यंत चालेल.